लाल डेऱ्यापासून माणकाठापर्यंत

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यातील संग्रहालय हौदे, पालख्या आणि हत्यारे यांसाठी प्रसिद्ध असले, तरी जुन्या कापडाच्या अभ्यासकाला तेथे ओढून नेणारी वस्तू वेगळी आहे. ‘लाल डेरा’ या नावाने ओळखला जाणारा आणि शाहजहानच्या काळातला मानला जाणारा तो एक शाही तंबू आहे. तंबू म्हटला की जाडेभरडे, ऊनपावसाने विटलेले कापड डोळ्यांसमोर येते. हा डेरा मात्र रेशमी मखमलीचा आहे, रंगाने गडद लाल आहे, आणि त्याच्या भिंतींवर कलाबतूच्या भरतकामाने कमानींची रांग उठवलेली असून प्रत्येक कमानीत एकेक फुलझाड उभे आहे. कलाबतू म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार ठोकून चपटी करायची आणि ती रेशमी दोऱ्यावर इतकी दाट गुंडाळायची की आतला दोरा दिसूच नये. मखमल विणताना ताण्याचे जादा धागे बारीक सळ्यांवरून घेऊन त्यांचे फासे करतात व मग ते कापतात, तेव्हा कापडावर उभी लव येते. म्हणून साध्या रेशमी कापडाच्या कितीतरी पट रेशीम तिला लागते. अशा कापडाच्या भिंती आणि त्याचेच छत करून ते उंटाच्या पाठीवर लादून रानोमाळ फिरवण्याची कल्पना आज उधळपट्टीची वाटते, आणि डेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया तीच असते. पुढचा सारा प्रवास ही समजूत दुरुस्त करीत जातो, कारण मोगलांच्या राज्यकारभारात हे कापड चैनीच्या खात्यात मोडत नव्हते. ज्या बादशहाचे वर्षातले अनेक महिने मुक्काम हलवण्यात जात, त्याची राजधानी त्याच्याबरोबर चालत असे, आणि ती कापडाची असे.

लाल रंगालाही अर्थ होता. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून लाहोर व काश्मीरकडे निघाला, तेव्हा बादशाही तंबू बाहेरून लाल आणि आतून फुलांच्या छापील कापडाने मढवलेले असल्याचे त्याने नोंदवले आहे. छावणीत कोठूनही नजर टाकली तरी लाल शिखर दिसे आणि दरबार कोणत्या दिशेला आहे ते कळे. हा बादशाही रंगाचा डेरा जोधपूरच्या राठोड राजांकडे असण्यात नवल नाही, कारण राजपूत घराण्यांच्या खजिन्यात मोगली वस्तू येण्याच्या दोन्ही वाटा जोधपूरला ठाऊक होत्या. एक वाट मानाच्या भेटींची होती. दुसरी लुटीची: जानेवारी १६५९ मध्ये खजव्याच्या लढाईच्या आदल्या रात्री महाराजा जसवंतसिंहाने औरंगजेबाचीच छावणी लुटून सरळ मारवाडची वाट धरली. पुढे त्याच औरंगजेबाने त्याला दख्खनेत पाठवले आणि १६६३च्या अखेरीस तो कोंढाण्याला वेढा घालून बसला, ही हकिकत मराठी वाचकाला अधिक परिचयाची आहे. वेढा काही महिन्यांनी उठला. गड हाती आला नाही.

डेरा टिकला तो मुख्यतः हवेमुळे. मारवाडच्या कोरड्या वाऱ्यात कापडाला बुरशी धरत नाही; ज्या खडकावर मेहरानगड उभा आहे त्याच्या पायथ्याचे निळे शहर पाहताना या रुक्षपणाचा वीट येतो खरा, पण कापडाच्या दृष्टीने त्यासारखे वरदान नाही.

जोधपूरहून पूर्वेकडे जाताना वाळू कमी होत जाते, अरवलीच्या उघड्याबोडक्या रांगा जवळ येतात आणि अजमेर लागते. येथे अकबराने बांधलेला दौलतखाना आजही उभा असून त्यात सरकारी संग्रहालय आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जानेवारी १६१६ मध्ये जहांगिरासमोर प्रथम उभा राहिला तो अजमेरात. त्याच वर्षी नोव्हेंबरात बादशहा मांडूकडे निघाला आणि रो त्याच्या मागे निघाला. वाटेत पाहिलेला लष्कराचा तळ त्याच्या लेखी मोठे आश्चर्य ठरला: परिघाने सुमारे वीस इंग्रजी मैल, आखीव रस्त्यांचा, ज्याचा तंबू त्याच्या ठरलेल्या जागी, आणि बड्या सरदारांचे काही दुहेरी तंबू सोडले तर हे सारे चार तासांत उभे राहिलेले. दगडी शहरांतून आलेल्या माणसाला या शहराचा वेग चकित करून गेला, हे त्याच्या वर्णनातून स्पष्ट दिसते.

हा वेग कोठून येत असे, याचे उत्तर अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सापडते. तळाच्या मध्यभागी ‘गुलालबार’ असे. हे अकबराने काढलेले, घडीच्या लाकडी पडद्यांचे आणि कुलूप लागणाऱ्या दारांचे आवार होते व ते चारी बाजूंनी शंभर गजांहून कमी नसे. त्याच्या आतबाहेर वेगवेगळ्या कामांचे तंबू ठरलेल्या क्रमाने लागत. ‘बारगाह’ हा दरबाराचा मोठा मंडप. सर्वांत मोठ्या बारगाहेत दहा हजारांवर माणसे मावत आणि ती उभारायला एक हजार फरासांना यंत्रांच्या मदतीने आठवडा लागे, असे अबुल फजल सांगतो. फरास म्हणजे तंबू, गालिचे व बिछायती यांची व्यवस्था पाहणारा नोकर. साधी, नक्षी नसलेली बारगाहसुद्धा दहा हजार रुपयांना पडे. नक्षीदार असेल तर किमतीला मर्यादाच नसे. ‘शामियाना’ म्हणजे खांबांवर ताणलेले छत, ‘कनात’ म्हणजे कापडाची उभी भिंत, आणि ‘सरापर्दा’ म्हणजे शाही आवाराभोवतीचा पडदा. हा पडदा पूर्वी जाड्या कापडाचा असे, तो अकबराने गालिच्याच्या विणीचा करवला. रात्री वाट चुकलेल्यांसाठी चाळीस गज उंचीच्या खांबावर ‘आकाशदिया’ टांगलेला असे आणि त्या खांबाला सोळा दोरांचे ताण असत. एवढ्या सामानासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. त्याबरोबर इराणी, तुराणी व हिंदुस्थानी असे १००० फरास, ५०० बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, शिवाय तंबू शिवणारे आणि मशालजी चालत. याखेरीज दुसरा तसाच संच एक मजल पुढे जाऊन उभा राहत असे. त्याला ‘पेशखाना’ म्हणत, आणि त्याच्यामुळे बादशहाला संध्याकाळी सकाळचाच महाल पुन्हा भेटत असे. औरंगजेबाच्या पेशखान्याला साठांवर हत्ती व दोनशे उंट लागत, असे बर्निए सांगतो.

जयपूरजवळ आंबेरच्या किल्ल्यात पोचल्यावर कापड आणि दगड यांचे नाते प्रथमच डोळ्यांना दिसते. मिर्झाराजे जयसिंह यांनी बांधलेल्या जयमंदिरात, म्हणजेच शीशमहालात, आरशांच्या लखलखाटाकडे पाहून लोक पुढे सरकतात. तेथे कमरेइतक्या उंचीवर संगमरवरात कोरलेली फुलझाडे मात्र थांबून पाहण्यासारखी आहेत: एक झाड, मधोमध उभे, दोन्ही बाजूंना तोलून झुकलेली फुले, भोवती चौकट. जोधपूरच्या मखमलीवरचा आराखडा नेमका हाच आहे. या फुलझाडाचा उगम बहुधा जहांगिराच्या काळात आहे; १६२० मध्ये तो काश्मीरच्या वसंतात रमला, त्याचा चित्रकार मन्सूर याने शंभराहून अधिक फुले रंगवल्याचे बादशहाने स्वतः आठवणींत लिहून ठेवले, आणि युरोपातून आलेल्या वनस्पतिग्रंथांतील चित्रेही तोवर दरबारात पोचली होती. शाहजहानच्या काळात हे झाड सर्वत्र उगवले: ताजमहालाच्या संगमरवरी पट्टीवर, पोथ्यांच्या समासात, पटक्यांच्या पदरावर आणि कनातींवर. कनात ही मुळात खणांची बनते. कापडाच्या दोन खणांमध्ये उभी खोळ शिवून तीत बांबू सरकवतात, म्हणून प्रत्येक खणाला एक कमान आणि प्रत्येक कमानीला एक झाड ही रचना शिवणकामाच्या सोयीची होती.

दगड कापडाची नक्कल करीत होता की कापड दगडाची, असा प्रश्न आंबेरात पडतो. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे. शाहजहान १६२८ मध्ये गादीवर आला तेव्हा आम दरबारात उभ्या राहणाऱ्या सरदारांच्या डोक्यावर कापडी छत ताणलेले असे. त्या जागी खांबांचे दगडी दिवाणखाने बांधण्याचे हुकूम त्याने आग्रा, लाहोर व बुऱ्हाणपूर येथे दिले. आज आपण जे दिवाण-ए-आम पाहतो, ते शामियान्याच्या जागी आले, आणि ते बांधून झाल्यावरही त्यांच्यापुढे कनाती व छते लागतच राहिली. रिकाम्या, पांढऱ्या, थंडगार दालनांतून फिरवणारा आजचा मार्गदर्शक जे दाखवतो तो या इमारतींचा सांगाडा आहे. त्यांचे अंग कापडाचे होते.

जयपूरच्या नगरप्रासादात, मुबारक महालातील वस्त्रदालनात, आंबेर-जयपूरच्या कछवाहा घराण्याच्या तोशाखान्यातील कापडे आहेत. तोशाखाना म्हणजे वस्त्रे व मौल्यवान सामान ठेवण्याचे कोठार, आणि आंबेरच्या तोशाखान्याची शिस्त विलक्षण होती. कापडाच्या पाठीवर शाईने नोंदी केलेल्या असत, मालाची मोजदाद वेळोवेळी होत असे, आणि या कोरड्या कारकुनी अक्षरांमुळे आज मोगलकालीन वस्त्रांचा कालक्रम ठरवता येतो. संग्रहातले सगळे येथे राहिलेले नाही. आंबेरचे म्हणून ओळखले जाणारे तंबूंचे खण विसाव्या शतकात पांगले आणि त्यांतले काही युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत लागले. त्यांपैकी लाल मखमलीवर चिकट लेप देऊन वर सोन्याचा वर्ख बसवलेली फुले असलेले खण फार देखणे आहेत; भरतकामाला लागणारे महिने वाचवून तेजाचा तोच परिणाम साधण्याची ही युक्ती पाहिली म्हणजे शाही कारखान्यांनाही खर्चाचा हिशेब सुटलेला नव्हता, हे ध्यानात येते.

आंबेरच्या संग्रहात मखमलीइतकेच महत्त्व आहे ते रंगवलेल्या सुती कनातींना, आणि त्यांतील अनेकींचा संबंध बुऱ्हाणपुराशी जोडला जातो. मिर्झाराजे अनेकदा दख्खनच्या मोहिमांत होते. १६६५च्या जूनमध्ये शिवाजी महाराज पुरंदरच्या पायथ्याला त्यांच्या भेटीस आले आणि तहाची बोलणी झाली ती त्यांच्या छावणीत, म्हणजे कनातींच्याच आडोशाला. तेव्हा या कापडांचा माग घ्यायचा तर राजस्थानात थांबून चालत नाही. माळवा ओलांडून, सातपुड्याची खिंड उतरून तापीच्या काठी यावे लागते.

वाटेत असीरगड दिसतो. दख्खनचा दरवाजा म्हणून गाजलेला हा किल्ला अकबराने १६०१ मध्ये घेतला आणि त्याबरोबर खानदेश मोगलांकडे गेला. पुढे केळीच्या बागा आणि कपाशीची काळी राने लागतात, आणि मग तटबंदीच्या आत दाटीने वसलेले बुऱ्हाणपूर. बाजारात हिंदीच्या जोडीने मराठी सहज ऐकू येते. मुमताजमहल १६३१ मध्ये येथे वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले, ही गोष्ट येथला प्रत्येक रिक्षावाला सांगतो. मिर्झाराजेही १६६७ मध्ये येथेच वारले, हे कमी जण सांगतात. त्यांची म्हणून दाखवली जाणारी छत्री नदीकाठी आहे.

बुऱ्हाणपूरचे महत्त्व भूगोलाने ठरवले. आग्र्याहून सुरतेच्या बंदराकडे जाणारा मोठा रस्ता येथून जाई, दख्खनच्या फौजांचा तळ येथे असे, कापूस भोवतालच्या काळ्या जमिनीत पिके, आणि तापीचे पाणी रंगाऱ्यांच्या कामी येई. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहिले आहे. सोन्याचांदीची तार ओढण्याचा धंदाही येथे जुना होता.

रंगीत कनात तयार होण्याची कृती रंगापेक्षा रसायनाची अधिक होती. कापड प्रथम हिरड्याच्या पाण्यात भिजवीत; मग जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे आणि जेथे काळा हवा तेथे गुळात आंबवलेल्या गंजक्या लोखंडाचे पाणी लेखणीने किंवा ठशाने लावीत. ही दोन्ही पाणी स्वतः रंग देत नाहीत, रंगाला धरून ठेवतात. त्यांनाच रंगबंधक म्हणतात. यानंतर कापड आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांबरोबर उकळले की लावलेल्या जागीच तांबडा चढे आणि बाकीचे कापड पुन्हा पुन्हा धुऊन, उन्हात वाळवून पांढरे करीत. निळीसाठी उलट रीत होती: जेथे निळा नको तेथे मेण लावायचे आणि कापड निळीच्या पिंपात बुडवायचे. हिरवे पान हवे असेल तर निळ्यावर पिवळा रंग वरून लावीत. हा पिवळा उन्हात टिकत नाही. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीच्या कनातींवरची पाने आज निळी दिसतात, आणि पाहणाऱ्यांना ती रंगाऱ्याची कल्पकता वाटते. प्रत्यक्षात ती उडालेल्या हळदी छटेची खूण आहे. कनातीवर सूर्य रोजच पडत असल्याने हे अटळच होते.

येथे अपेक्षाभंग होतो. ज्या गावात हे काम चाले, त्या गावात जुनी कनात पाहायला मिळत नाही. शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावर चित्रांचे अवशेष आहेत आणि अब्दुर्रहीम खानखानानच्या काळातील भूमिगत जलव्यवस्था, कुंडी भंडारा, अजून वाहती आहे. गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, आणि निघणारे कापड अगदी साधे असते. कापडाची परंपरा तुटली असे मात्र म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक बदलले एवढेच. रंगीत तंबूंचा सगळ्यात अनपेक्षित वारसा तर वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे. श्रीरंगपट्टण पडल्यावर क्लाइव्ह घराण्याकडे गेलेला टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू तेथे आहे आणि एकेकाळी तो बागेतल्या मेजवान्यांसाठी उभारला जाई.

जरीचे तंबू का उरले नाहीत, याचे कारण मराठी घरांना वेगळे सांगायला नको. जुनी पैठणी जीर्ण झाली की ती जाळून जरीतली चांदी व सोने काढून घेण्याची रीत घरोघर होती. कोसळत्या राज्यांच्या तोशाखान्यांतही हेच झाले. मखमल फाटली की तिचे तुकडे गाद्यागिरद्यांना लागत, आणि कलाबतू सोनाराकडे जाई.

बुऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे येणारी वाट १६८१ पासून औरंगजेबाचीही वाट होती. तो त्या वर्षी येथे आला, पुढच्या वर्षी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पोचला, आणि मरेपर्यंत उत्तरेला परतला नाही. पंचवीस वर्षे हिंदुस्थानची राजधानी महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या माळांवर तंबूत होती. मराठ्यांना या कापडाची भाषा तोवर पुरती कळली होती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीसाठी उभारलेला शामियाना मुद्दाम इतका भारी सजवला होता की शहाजीच्या पोराकडे असले साहित्य कसे, असा संशय खानाला आल्याचे बखरी सांगतात. ज्याचा मंडप त्याचा मान, हे दोन्ही पक्ष जाणून होते. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना होता. त्याचे नाव पुण्यात आज एका पोलीस ठाण्याला उरले आहे.

भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापुरात येणारे लोक छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीसाठी येतात आणि तेच योग्य आहे. पण १६८९च्या मार्चमध्ये त्यांचा वध झाल्यावर संताजी घोरपड्यांनी रात्री छावणीत शिरून बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेले, ही बखरीतली हकिकत या प्रवासाच्या शेवटाकडे येताना वेगळी वाचली जाते. बादशहा त्या रात्री तंबूत नव्हता म्हणून वाचला, असे सांगतात. तणावे तोडून कळस नेणे हा लुटीचा प्रकार दिसत असला, तरी चालत्या राजधानीचे शिखर उतरवणे हा त्याचा खरा अर्थ होता, आणि छावणीतल्या प्रत्येकाला तो सकाळी मान वर करताच कळला असणार.

पुढे भीमेच्या काठाने मंगळवेढ्याकडे जाताना ब्रह्मपुरी लागते. औरंगजेबाने तिला इस्लामपुरी नाव देऊन १६९५ ते १६९९ येथे मुख्य तळ ठेवला होता. त्याच १६९५ साली जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगल्याच्या छावणीत आला होता; त्याने तिचा घेर तीस मैल, बादशहाच्या तंबूंचा घेर तीन मैल आणि बाजार अडीचशे असल्याचे लिहिले. हत्ती तीन हजार, उंट पन्नास हजार. एवढ्या जनावरांना वैरण कोठून मिळत असेल, हा प्रश्न सोलापूरच्या कोरडवाहू शिवारातून जाताना आपोआप उभा राहतो. मराठ्यांनी नेमकी तीच रसद तोडली. रोने पाहिलेले चार तासांत उठणारे शहर सुमारे ऐंशी वर्षांत जडावून गेले, आणि एकेका जागी वर्षानुवर्षे बसून राहिले.

सांगोल्याच्या डाळिंबांच्या बागांमधून माण नदीकडे जाणारा रस्ता खवासपूरला नेतो. नदी बहुतेक वर्ष कोरडी असते. दूर काबूलपर्यंत हुकूम सोडणारी छावणी ऑक्टोबर १७०० मध्ये या पात्रालगत पडली होती, तेव्हा डोंगरात झालेल्या पावसाचा लोंढा रात्री अचानक आला आणि तंबू, जनावरे व माणसे वाहून गेली. मराठे आले असे वाटून घाईने उठलेला ऐंशी उलटलेला बादशहा पडला, त्याचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडू लागला. हा पूर्वज तैमूरलंगाचा वारसा आहे, असे दरबारी त्याला समजावीत राहिले.